वाचक विचारतात : फ्लू साधा, मध्यम की गंभीर, हे ठरतं कसं?

दिवाळी सरली, सातपुड्याकडून गार वारं सुटलं, की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या दवाखान्यांत खोकल्याची रांग लागते. या वेळची बरीच पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतात. केसपेपरवर डॉक्टर 'माइल्ड', 'मॉडरेट', 'बी-२' असं काहीबाही लिहितात, त्याचा अर्थ काय आणि घरच्यांनी त्यावरून काय करायचं? सारखे प्रश्न एकत्र केले आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न : घरात तिघं एकाच आठवड्यात आजारी पडले. मोठ्या भावाला १०३ ताप, त्याच्या पेपरवर 'बी-१'. वहिनी पाचव्या महिन्यात आहे, तिला ताप जेमतेम १००, पण तिला 'बी-२' लिहून लगेच गोळ्या सुरू केल्या. आमच्या नानांना, वय ७१, तापच नाही, फक्त खोकला आणि जेवण कमी. तरी त्यांना 'मॉडरेट' लिहून जिल्ह्याला पाठवलं. कागदावर ९२ आणि २६ असे दोन आकडे आहेत. ज्याला जास्त ताप तो घरी आणि ज्याला ताप नाही तो दवाखान्यात, हे गणित काय?
(केळी उत्पादक, यावल तालुका)

उत्तर : गणित बरोबर आहे. घोटाळा एवढाच की पेपरवर दोन वेगवेगळ्या मोजपट्ट्या आल्या आहेत, आणि त्या वेगवेगळे प्रश्न विचारतात.

ए, बी, सी ही पट्टी २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत केंद्र सरकारने दिली. मौसमी फ्लूसाठी ती आजही वापरतात. थोडा ताप, खोकला, घसा, अंगदुखी म्हणजे 'ए'. त्याला तपासणी नको, फ्लूची गोळी नको. घरी राहायचं आणि २४ ते ४८ तासांनी पुन्हा दाखवायचं. त्यात ताप जोराचा आणि घसा फार दुखत असेल तर 'बी-१'. इथे गोळी द्यायची की नाही ते डॉक्टर ठरवतात. लक्षणं सौम्य असली तरी माणूस जोखमीच्या गटातला असेल तर 'बी-२'. पाच वर्षांखालची मुलं, गर्भवती, ६५ आणि त्यापुढचे, मधुमेह, दमा, हृदय, यकृत किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले, कर्करोग किंवा एचआयव्ही असलेले, बरेच दिवस स्टेरॉइड घेणारे, हे सगळे त्यात येतात. त्यांना ऑसेल्टामिविर हे फ्लूचं औषध सुरू करायचं असतं आणि ते पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. मोठ्या माणसाला ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस. मूत्रपिंड अधू असेल तर कमी. गरोदरपणात ते देतात आणि दिलंच पाहिजे. वहिनींचं 'बी-२' हे आज त्या किती आजारी आहेत यावरून आलेलं नाही. उद्या बिघडण्याची शक्यता किती, यावरून आलं आहे. धाप, छातीत दुखणं, गुंगी, रक्तदाब उतरणं, बेडक्यात रक्त, नखं निळसर होणं, यांतलं काहीही दिसलं की थेट 'सी', म्हणजे लगेच भरती आणि तपासणी.

नानांच्या पेपरवरची पट्टी दुसरी, कोविडच्या काळात रुळलेली. ती फक्त विचारते, या घडीला फुप्फुसं ऑक्सिजन पुरवताहेत का? धाप नाही आणि सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, ९४ किंवा वर, तर सौम्य. मिनिटाला श्वास २४ किंवा जास्त, किंवा साध्या हवेवर सॅच्युरेशन ९० ते ९३, तर मध्यम. श्वास ३० च्या वर किंवा सॅच्युरेशन ९० च्या खाली, तर गंभीर. नानांचे दोन्ही आकडे, ९२ आणि २६, मध्यममध्ये बसतात. वय ७१ असल्यामुळे ते फ्लूच्या पट्टीवरही 'बी-२' होतेच, पण श्वास वाढल्यावर त्या पट्टीवर आता 'सी' ठरतात. दोन्ही वाटा दवाखान्यातच जातात.

राहिला ताप. ताप ही शरीराची झुंज आहे, फुप्फुसांची अवस्था नव्हे. भावासारख्या तरण्या माणसाचा ताप १०३ वर जातो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतोही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला न्यूमोनिया होऊनही ताप येईलच असं नाही. पॅरासिटामॉल चालू असेल तर तोही झाकला जातो. म्हाताऱ्या माणसाचं जेवण तुटणं, दिवसा झोपून राहणं, विसंगत बोलणं, कधी नुसतं तोल जाऊन पडणं, हीच त्याच्या वयाची लक्षणं समजा.

प्रश्न : घरभेटीत लहान मुलांचे श्वास मोजायला सांगतात. मूल हलतं, रडतं, प्रत्येक वेळी आकडा वेगळा येतो. १५ सेकंद मोजून चारने गुणलं तर चालेल का? आणि 'पोट उडतंय' असं आई सांगते तेव्हा नेमकं काय बघायचं?
(आशा कार्यकर्ती, चोपडा तालुका)

उत्तर : ताई, गुणाकार करू नका. दहा महिन्यांच्या बाळासाठी धोक्याची रेघ ५० वर आहे. १५ सेकंदांत १२ मोजले तर ४८ होतात, म्हणजे ठीक. १३ मोजले तर ५२, म्हणजे न्यूमोनियाचा संशय. एका श्वासाच्या चुकीने पायरी बदलली. शिवाय तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत नसतो. थोडा वेळ भरभर, मग क्षणभर थांबा, असं चालतं. म्हणून पूर्ण ६० सेकंद.

बाळ आईच्या मांडीवर, शांत किंवा झोपलेलं हवं. रडताना, दूध पिताना मोजलेला आकडा टाकून द्या. झबलं छातीपर्यंत वर सरकवा, पोट आणि बरगड्यांची खालची कड दोन्ही उघडी हवीत, आणि दारातला उजेड बाजूने पडू द्या. समोरून उजेड आला तर हालचाल सपाट दिसते. घड्याळ बाळाच्या पोटाशेजारी धरा, म्हणजे नजर दोन ठिकाणी पळत नाही. नाक चोंदलं असेल तर आधी मिठाच्या पाण्याचे थेंब घालून साफ करा आणि मग मोजा. ताप जोराचा असेल तर तो उतरल्यावर एकदा पुन्हा मोजा, कारण तापानेही श्वास वाढतो. मात्र पुढची धोक्याची चिन्हं दिसत असतील तर ताप उतरायची वाट बघत बसू नका.

रेघा अशा : दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त (आले तर लगेच दुसऱ्यांदा मोजून खात्री करा), दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त.

आता 'पोट उडणं'. श्वास घेताना बाळाचं पोट वर येतं, ते सगळ्याच बाळांचं येतं, त्यात आजार नाही. बघायचं ते पोटाच्या वर, बरगड्या जिथे संपतात तिथे. श्वास आत घेताना पोट बाहेर येतंय आणि त्याच क्षणी बरगड्यांची खालची कड आत ओढली जातेय, छातीखाली खळगा पडतोय, असं असेल तर ती छाती ओढली जाणं. बाळ शांत असताना प्रत्येक श्वासाला दिसलं तरच धरा. नुसती दोन बरगड्यांमधली कातडी आत जात असेल तर ते वेगळं.

छाती ओढली जात असेल तर श्वासाचा आकडा कितीही येवो, बाळ डॉक्टरांकडे गेलंच पाहिजे. पिणं सुटलं, घेतलेलं सगळं उलटून पडतंय, झटके आले, उठवूनही नीट जागं होत नाही, शांत असतानाही श्वास घेताना घर्र आवाज येतो, यांतलं एकही असेल तर १०८. दोन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला, अंग गार पडलं किंवा श्वास वाढला, यांतली एक गोष्ट पुरे. त्या वयात सौम्य-मध्यम असं काही नसतं.

एक अप्रिय गोष्ट. सातपुड्याच्या पाड्यांवर कुठे कुठे अजून धापेच्या बाळाच्या पोटावर डाग देतात. तसा डाग दिसला तर आईला तिथे बोलू नका, ती दुसऱ्या वेळी बाळ लपवेल. डाग बाळाला धाप लागली होती एवढं सांगतो. श्वास मोजा आणि गाडी बोलवा.

प्रश्न : घरच्या ऑक्सिमीटरवर एका बोटाला ९१, दुसऱ्याला ९६ येतात. खरं काय मानायचं? (धुळे)

उत्तर : आधी यंत्राला नीट वागवा, मग त्याच्यावर विश्वास ठेवा. पाच मिनिटं शांत बसा, हात छातीच्या पातळीला टेकवा, मधलं किंवा अंगठ्याशेजारचं बोट आतपर्यंत घाला आणि आकडा स्थिर होईपर्यंत अर्धा ते एक मिनिट थांबा. चिमटा लावताच दिसलेला पहिला आकडा कधीच लिहू नका. डिसेंबर-जानेवारीत पहाटे आपल्याकडे बोटं लाकडासारखी होतात. गार बोटात रक्त कमी पोचतं आणि यंत्र चाचपडतं. हात चोळून, कोमट पाण्यात धरून गरम करा. नेलपॉलिश काढा. लग्नसराईत बोटांच्या टोकांवर गडद मेंदी असेल तर कमी रंगलेलं बोट निवडा किंवा दवाखान्यात कानाच्या पाळीला लावतात ते यंत्र वापरा.

मग खरी परीक्षा : यंत्रावर दुसरा आकडा नाडीचा असतो. मनगटावर नाडी स्वतः मोजा. यंत्र ११८ म्हणतंय आणि मनगट ८४, तर त्या वेळचं सॅच्युरेशन बाद. नाडी जुळली तर आकडा धरा. दोन बोटांवर नाडी जुळूनही फरक असेल तर स्थिर राहणारा आकडा घ्या. संशय उरला तर कमी आकडा खरा समजून वागा, कारण त्यात नुकसान फक्त एका खेपेचं आहे.

चांगलं यंत्रही दोन-तीन अंकांनी चुकू शकतं, आणि सावळ्या-काळ्या कातडीवर ते खऱ्यापेक्षा थोडं जास्त दाखवतं. चुलीच्या धुरात बसणाऱ्या बाईचं किंवा विडी ओढणाऱ्याचंही जास्त दाखवतं, कारण कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त यंत्राला ऑक्सिजनवालं वाटतं. म्हणून ९४ आला आणि माणूस धापा टाकतोय, तर माणसाकडे बघा.

प्रश्न : भावजींचा सिटी स्कॅन केला, स्कोअर ११ आला. चालत-बोलत आहेत, सॅच्युरेशन ९६. मध्यम की सौम्य? स्कॅन पुन्हा करावा का? (अमळनेर)

उत्तर : सौम्य, आणि स्कॅन पुन्हा नको. २०२१ पासून 'स्कोअर किती आला?' हा प्रश्न आपल्याकडे 'पाऊस किती झाला?' इतका सहज झाला आहे, म्हणून दोन शब्द. फुप्फुसांचे पाच खंड, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, एकूण २५. किती भाग डागाळलेला दिसतो ते हा आकडा सांगतो. उरलेला भाग काम भागवतोय की नाही, हे सांगत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत केलेला स्कॅन कोरा येऊ शकतो आणि माणूस आठव्या दिवशी धापतो. उलट, बरा होऊन कामाला लागलेल्या माणसाच्या स्कॅनवर डाग आठवडेच्या आठवडे राहतात. हा २५ चा हिशोब कोविडसाठी बसवलेला आहे, फ्लूला किंवा आरएसव्ही या श्वसनाच्या दुसऱ्या विषाणूला तो लावू नये. अहवालात 'कोरॅड्स ५' असा आणखी एक आकडा असतो. तो आजार कोविड असण्याचा संशय किती हे सांगतो, तीव्रता नाही. ५ वाचून हबकू नका.

प्रश्न : मिरची वाळत घालतात त्या पथारीवर काम आहे. हंगामात सगळ्यांनाच खोकला. साथीचा खोकला वेगळा कसा ओळखायचा? (नंदुरबार)

उत्तर : मिरचीचा खोकला पथारीवर सुरू होतो, डोळे-नाक-घसा चुरचुरतो, आणि घरी जाऊन तोंड धुतल्यावर काही तासांत ओसरतो. ताप नसतो, हातपाय मोडून येत नाहीत. विषाणूचा खोकला रात्री घरीही सोडत नाही, तापासह येतो आणि दोन दिवसांत घरातल्या दुसऱ्याला धरतो. जिनिंगमध्ये रुईच्या धुळीत राबणाऱ्यांची छाती सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी आवळते, तोही वेगळा आजार. पण वर्षानुवर्षं धूळ खाल्लेल्या छातीला फ्लू झाला तर त्याला 'ए' मध्ये ठेवून दोन दिवस थांबू नये, आधीच दाखवावं.

प्रश्न : आश्रमशाळेत काही मुलं सिकलसेलची आहेत. वसतिगृहात सर्दी-तापाची साथ आली की त्यांच्यासाठी वेगळं काय करायचं? (शिक्षक, अक्कलकुवा तालुका)

उत्तर : सर, नंदुरबारसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न विचारला जायलाच हवा. आधी कार्डं काढून दोन याद्या करा : सिकलसेल 'ग्रस्त' आणि 'वाहक'. वाहकांना इतर मुलांसारखंच वागवा. ग्रस्तांसाठी वर सांगितलेल्या पायऱ्या पुरत नाहीत.

कारण असं : ताप आला, पाणी कमी पडलं, ऑक्सिजन किंचित उतरला, की त्यांच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि फुप्फुसातल्या बारीक वाहिन्या तुंबवतात. तिथला ऑक्सिजन आणखी उतरतो आणि आणखी पेशी वाकतात. साध्या सर्दीने सुरू झालेलं प्रकरण एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. चिन्हं अशी : ताप किंवा खोकल्यासोबत छातीत किंवा बरगड्यांत नवं दुखणं, खोल श्वास घेता न येणं, श्वास वाढणं. ग्रस्त मुलाला १०१ च्या वर ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर. छातीत दुखत असेल तर त्याच तासाला, तेही रक्त चढवायची सोय असलेल्या रुग्णालयात.

ऑक्सिमीटर या मुलांमध्ये नीट बोलत नाही. काहींचं नेहमीचंच सॅच्युरेशन ९३-९४ असतं. म्हणून मूल ठणठणीत असताना प्रत्येकाचं सॅच्युरेशन दोन-तीनदा मोजून कार्डाच्या मागे लिहून ठेवा. साथीत त्या आकड्यापेक्षा तीनने उतरलं तर थांबू नका, मग ते ९४ का असेना. हायड्रॉक्सियुरिया ही सिकलसेलची गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका आणि मूल दवाखान्यात जाताना ती सोबत द्या. पाणी भरपूर पाजा, पहाटेची गार पाण्याची आंघोळ या दिवसांत या मुलांना तरी माफ करा.

प्रश्न : ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीला मी एकटी. डॉक्टरांना कधी उठवायचं, कुणाला आधी बघायचं, यासाठी एकच काही हिशोब आहे का? (परिचारिका, पाचोरा तालुका)

उत्तर : आहे, सिस्टर. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये तयार केलेला आणि २०१७ मध्ये सुधारलेला 'न्यूज-२' स्कोअर. त्याला रक्ततपासणी लागत नाही, तुमच्या ट्रॉलीवर आहे तेवढ्यावर होतो. १६ वर्षांखाली आणि गर्भवतींना तो लावायचा नाही.

एक उदाहरण करून दाखवतो. ६२ वर्षांचे शेतकरी, पाचवा दिवस, खाटेवर बसून बोलताहेत, 'जरा दम लागी ऱ्हायना' (जरा दम लागतोय) एवढीच तक्रार. श्वास मिनिटाला २४ : दोन गुण (१२ ते २० ला शून्य, २१ ते २४ ला दोन, २५ पासून तीन). सॅच्युरेशन ९३ : दोन (९६ पासून वर शून्य, ९४-९५ ला एक, ९२-९३ ला दोन, ९१ किंवा खाली तीन). ऑक्सिजन लावलेला नाही : शून्य, लावला असता तर त्याचेच दोन. वरचा रक्तदाब १०८ : एक (१११ ते २१९ ला शून्य, १०१ ते ११० ला एक, ९१ ते १०० ला दोन, ९० किंवा खाली तीन). नाडी ११२ : दोन (५१ ते ९० शून्य, ९१ ते ११० एक, १११ ते १३० दोन, १३१ पासून तीन). भान ठीक : शून्य, नव्याने गोंधळलेले असते तर सरळ तीन. ताप १०१.१ फॅरनहाइट, म्हणजे ३८.४ सेल्सिअस : एक. बेरीज आठ.

यातला एकही आकडा एकटा पाहिला तर कुणी पळापळ करणार नाही. पण पाच-सहा बेरीज झाली की डॉक्टरांना उठवायचं असतं आणि सात किंवा जास्त म्हणजे आणीबाणी. कुठल्याही एका रकान्यात तीन आले तरी एकूण कितीही असो, डॉक्टरांनी लवकर येऊन बघायचं.

हिशोब फसतो तो तीन जागी. पहिली आणि सगळ्यात मोठी : श्वास न मोजता सगळ्या पेपरांवर २० लिहिणं. यंत्र नाडी सांगतं, दाब सांगतं, ताप सांगतं. श्वास मात्र कुणीतरी उभं राहून मोजावा लागतो, म्हणून तोच गाळला जातो. आणि बिघाड सगळ्यांत आधी दाखवतो तोही तोच. रुग्णाला कळू देऊ नका; नाडी बघतोय असं मनगट धरून ठेवा आणि नजर छातीवर ठेवून पूर्ण मिनिट मोजा. मोजतायत हे कळलं की माणूस श्वास सांभाळून घेतो. दुसरी चूक : ऑक्सिजन लावून आलेले ९७ वाचून निर्धास्त होणं. रेफर चिठ्ठीवर 'सॅच्युरेशन ९६' एवढंच लिहिलेलं असतं. साध्या हवेवर की चार लिटरवर, ते नाही. हा एक शब्द नसला की पुढच्या डॉक्टरची पायरी चुकते. तिसरी : जुन्या सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेल्या, रुग्णाला सामान्यांच्या पट्टीने गुण देणं. ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो त्यांच्यासाठी ८८ ते ९२ हेच लक्ष्य असतं, आणि त्यासाठी त्या तक्त्यात वेगळी पट्टी आहे; कुणाला लावायची ते डॉक्टरांना लिहून द्यायला लावा.

प्रश्न : सुई आणि सलाईन घेतल्याशिवाय अंगात ताकद येत नाही, गावातले डॉक्टर एक 'ताकदीची' सुई देतात, दुसऱ्याच दिवशी बरं वाटतं. हरकत आहे का? (साक्री)

उत्तर : आहे. एका दिवसात ताप आणि अंगदुखी पळवणाऱ्या सुईत बहुधा डेक्सामिथासोन हे स्टेरॉइड असतं. ज्यांना ऑक्सिजन लागतो अशा कोविड रुग्णांमध्ये त्याने जीव वाचले, हे २०२० च्या 'रिकव्हरी' चाचणीत दिसलं : ६ मिलिग्रॅम, रोज एकदा, जास्तीत जास्त दहा दिवस. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा झाला नाही. फ्लूवरचं औषध म्हणून ते देऊ नये. साखर वाढते, विषाणूला रान मोकळं मिळतं, आणि ताप दबल्यामुळे माणूस 'सौम्य' दिसत राहतो. औषध तेच, पायरी चुकली की त्याचं विष होतं.

प्रश्न : सहा मिनिटं चालून सॅच्युरेशन बघायची चाचणी अजून धरायची का? (शिरपूर)

उत्तर : धरायची. काहींना बसल्याजागी धाप जाणवत नाही आणि ऑक्सिजन मात्र उतरत असतो. चालल्यावर तो उघडा पडतो. सपाट फरशीवर, चिमटा बोटाला ठेवूनच, नेहमीच्या चालीने सहा मिनिटं. साठीच्या पुढे तीन पुरेत. कुणीतरी सोबत हवं. आकडा ९३ च्या खाली गेला, सुरुवातीपेक्षा तीनहून जास्त उतरला किंवा दम लागला, तर थांबा आणि दवाखाना गाठा. बसल्याजागीच ९३ किंवा कमी असेल किंवा धाप असेल तर ही परीक्षा घेऊच नका, तो नापासच आहे.

प्रश्न : आमच्या पाड्यावरून जिल्ह्याचं रुग्णालय घाट उतरून फार लांब. दर वेळी नेणं जमत नाही, आणि नेलं नाही तर भीती. घरी काय बघत राहायचं आणि निघायचं कधी? (धडगाव तालुका)

उत्तर : पायरी ही त्या घडीची असते. सकाळी सौम्य लिहिलेला माणूस रात्री मध्यम होऊ शकतो, म्हणून घरी बघायचा तो आकड्यांचा कल. एका वहीत सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि झोपताना चार गोष्टी लिहा : श्वास, नाडी, सॅच्युरेशन असेल तर, आणि जेवण-पाणी-लघवी. ऑक्सिमीटर नसेल तर श्वास आणि भान यांवर बरंच कळतं. एक वाक्य एका दमात पूर्ण बोलता येतं का, तेही बघा. श्वास १८, २०, २३ असा चढत असेल तर २४ ची वाट बघू नका.

दिवसही मोजा. फ्लू एकदम येतो आणि बिघडायचा असेल तर बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी बिघडतो. कोविड पाचव्या ते दहाव्या. ताप उतरून दोन-तीन दिवस बरं वाटलं आणि मग पुन्हा थंडी वाजून ताप, पिवळा-तांबूस बेडका आला, तर विषाणूच्या मागोमाग जिवाणूंचा न्यूमोनिया आला समजा. ही दुसरी उसळी लोक 'कमजोरी' म्हणून अंगावर काढतात.

अंतराचं आमचं मत स्पष्ट आहे, पुस्तकात नसलं तरी : रुग्णालय तासाहून लांब असेल तर एक पायरी चढवूनच वागा. धुळे शहरात ९४ वर एक रात्र थांबता येईल. धडगावात ९४ आणि घसरण चालू, तर दिवस मावळायच्या आत निघा. गर्भवती असेल तर ९५ च्या खाली गेल्यावर कुठेच थांबू नका. तोरणमाळसारख्या साडेअकराशे मीटर उंचीवर सॅच्युरेशन एखाद्या अंकाने कमी दिसतं, पण ९२ चं कारण उंची नव्हे.

गाडी येईपर्यंत शुद्धीवर असलेल्या माणसाला पालथं झोपवा. छातीखाली आणि कमरेखाली घडी घातलेली गोधडी, तोंड एका कुशीला. गरोदर बाई, उलट्या होणारा आणि गुंगीत असलेला माणूस यांना पालथं घालू नका. शुद्धीत असेल तर टेकून बसवा, गुंगीत असेल तर कुशीवर. गुंगीत असलेल्याच्या तोंडात पाणी, चहा, काढा काहीच घालू नका, ते फुप्फुसात जातं.

१०८ ला फोन लावल्यावर 'फार सिरियस आहे' असं सगळेच सांगतात. त्याऐवजी वहीतलं वाचून दाखवा : 'वय ६०, आजाराचा सहावा दिवस, श्वास ३२, सॅच्युरेशन साध्या हवेवर ८८, हाक मारली तर डोळे उघडतो.' मग पाड्यापर्यंत गाडी येते की फाट्यापर्यंत आणावं लागेल ते सांगा, बॅटरी घेऊन एक जण फाट्यावर उभा करा, आणि ती वही पेशंटच्या उशाखाली न विसरता गाडीत द्या.